मुरमाड-चिकण रान असेल तर माती इथंच तपासून घ्या (5 पैकी 4 स्टार)

पहिल्यांदा मुद्द्याचं सांगतो, ही माती तपासायची लॅब खडेसुद्धा मोजते. तुम्हाला वाटेल त्यात काय विशेष, पण माळाचं रान कसणाऱ्याला विचारा. कुठंही नमुना दिला की तो वाळवतात, कुटतात, 2 मिलिमीटरच्या चाळणीतून गाळतात आणि चाळणीवर राहिलेलं टाकून देतात. पद्धतच तशी आहे, कारण 2 मिलिमीटरच्या वरचं माती धरतच नाहीत. काळ्या गाळाच्या रानात त्यानं काही फरक पडत नाही. पण आमच्यासारखं रान असलं, जिथं घमेलंभर मातीत निम्मे खडे निघतात, तिथं रिपोर्ट येतो तो निम्म्याच घमेल्याचा आणि खत-पाण्याचा हिशोब होतो सगळ्या घमेल्याचा.

आमचं रान बाहुबली डोंगराच्या बाजूला, हातकणंगले तालुक्यात. कोल्हापूर जिल्हा म्हटलं की बाहेरच्यांना पंचगंगेचा पूर आणि नुसता ऊस दिसतो, पण पश्चिमेला गगनबावड्याकडं जेवढा पाऊस कोसळतो त्याच्या आसपाससुद्धा पूर्वेला येत नाही, शिरोळच्या टोकाला तर पाचसहाशे मिलिमीटरवर वर्ष काढावं लागतं आणि तोही चार-पाच तडाख्यात पडतो. त्यात आमची माती अशी की ओली झाली की ट्रॅक्टरच्या चाकाला लोंबते, आणि वाळली की पहार घातली तरी ठिणग्या उडतात. वाफसा, म्हणजे मशागत-पेरणीजोगी ओल, यायला उशीर आणि गेला कधी ते कळत नाही. सगळेजण बघून म्हणतात चिकण आहे, पाणी धरून ठेवेल. धरत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिकानं मान टाकलेली असते.

इथल्या लोकांनी नमुना घ्यायच्या आधीच फोनवर सांगितलं की खडे वेचून काढू नका, आहे तसं भरा आणि अर्धा किलो नको, पाच किलो आणा. बाकी पद्धत नेहमीचीच, रानात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा, वीसेक सेंटिमीटर खोल, बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाची माती नको. पण खरी कामाची त्यांची रानावर येऊन खड्डा बघायची सर्व्हिस आहे, तिचे पैसे वेगळे पडतात, पण माळकरी असाल तर तीच घ्या. माती काढायचं गिरमीट आमच्यात जातच नाही, खड्याला अडतं, म्हणून कुदळीनं मीटरभर खड्डा काढायला लावला आणि त्यांचा एक तरुण साहेब स्वतः आत उतरला.

मी कडेला बसून बघत होतो. त्यानं चाकूनं एक भिंत तासून साफ केली, वरून खाली टेप लावला. वरची वीत-दीड वीत तपकिरी, मग खाली गडद आणि घट्ट, त्यात वाटाण्यापासून लिंबापर्यंतचे खडे दाटलेले, मग पिवळसर मऊ मुरूम. एक खडा उपटून माझ्या हातात दिला, त्याच्यावर गुळगुळीत चकचकीत मातीचा पापुद्रा होता, नखानं सुटत नव्हता. म्हणाला दादा, वरची बारीक चिकण पाण्याबरोबर खाली उतरते आणि खड्यावर बसते, म्हणून खालचा थर जास्त घट्ट. मग चिमूटभर माती ओली करून अंगठ्यानं पट्टी काढली, चांगली लांब निघाली, तुटली नाही. म्हणजे बारीक भाग अस्सल चिकण. आणि मुळं बघितली तर खड्यांच्या मधून चपटी होऊन गेलेली, मुरमाच्या थरावर येऊन आडवी वळलेली. शेवटी पातळ आम्लाचे थेंब टाकले, वर काही नाही, खाली मुरमाजवळ चर्रर्र करून फेस आला, म्हणजे चुनखडी. आमच्या भुईमुगाला दरवर्षी केवडा का पडतो, म्हणजे पानं पिवळी का पडतात, ते तिथंच कळालं. लोह मातीत असतं पण चुन्यामुळं मुळाला मिळत नाही. त्यासाठी फेरस सल्फेट शेणखतात मुरवून द्यायला आणि केवडा दिसला की अर्धा टक्क्याची फवारणी घ्यायला सांगितली.

आता रिपोर्ट. एका पानावर नेहमीचं, सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश, चुनखडी, सूक्ष्म अन्नद्रव्यं. दुसऱ्या पानावर जे आहे ते मी दुसरीकडं बघितलेलं नाही. खड्यांचं वजन, वजनावरून घनफळ, आणि त्या घनफळानं कमी केलेला पालाश-स्फुरदाचा आकडा. समजून घ्या, वजनानं निम्मे खडे म्हणजे जागेनं निम्मे नव्हेत, दगड जड आणि माती पोकळ, त्यामुळं जागेनं साधारण 30 टक्के धरायचे. म्हणजे पहिल्या पानावर पालाश हेक्टरी 400 किलो दिसला तर रानात प्रत्यक्षात 280 च्या आसपास. पालाश भरपूर आहे म्हणून पोटॅश खत बंद करणाऱ्यांनी हे बघावं.

पाण्याचं तर अजून स्पष्ट होतं. चिकण माती मीटरभर खोलीत पिकाला घेता येईल असं अंदाजे 150 मिलिमीटर पाणी धरते. आमची मुळाची खोली 45 सेंटिमीटर, म्हणजे 67 मिलिमीटर, त्यातनं 30 टक्के खड्यांचे गेले की राहिले 47. निम्मं संपलं की पिकाला ताण बसायला लागतो, म्हणजे हातात 23-24 मिलिमीटर. उन्हाळ्यात दिवसाला 6 मिलिमीटर उडतं. चार दिवस! आम्ही आठ-दहा दिवसांनी दांडानं भरपूर पाणी सोडत होतो, कारण सगळं गाव तसंच करतं, आणि त्यातलं अर्धं मुरमात उतरून जात होतं. त्या साहेबानं हेही सांगितलं की कुजका मुरूम स्वतःमध्ये थोडं पाणी धरतो म्हणून हिशोब काटेकोर नाही, पण दिशा हीच. ड्रीप, थोडं थोडं, लवकर लवकर.

दगड वेचण्याबद्दल पण चांगलं समजावलं. आमच्याकडं उन्हाळ्यात बायका लावून सगळे दगड वेचून बांधावर टाकायची पद्धत आहे. तो म्हणाला मुठीएवढे काढा, फाळ मोडतो, पण बारीक खडी वर राहू द्या. पावसाचा थेंब खड्यावर फुटतो, चिकणाचा पापुद्रा धरत नाही, उताराची माती वाहून जात नाही आणि ऊन थेट मातीला लागत नाही. पाचट आणि खडी दोन्ही वर असेल तर माळाला आणखी काय पाहिजे.

मी विचारलं की हैदराबादकडचे लोक अशाच मुरमाड रानात कोरडवाहू घेतात म्हणे, त्यांचं करू का? तर त्यानं घाईनं हो म्हटलं नाही, हे मला लई आवडलं. म्हणाला, हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट म्हणून कोरडवाहू शेतीचं मोठं संशोधन केंद्र 1972 पासून आहे, तिथं तांबडी आणि काळी दोन्ही रानं आहेत. तिथली तांबडी ग्रॅनाईटच्या खडकातली, वर रेताड, खाली चिकण आणि खडे, आणि ती चिकण फारशी फुगत नाही. आपली बेसॉल्टची, हिच्यात फुगणारी चिकण जास्त, म्हणून भेगा पडतात. खडे दोन्हीकडं आहेत म्हणून औषध एक नाही असं स्पष्ट सांगितलं. तांबड्यात पावसानंतर वर धरणारी पापडी फोडायची काळजी, आपल्यात वाफसा गाठायची.

आता एक स्टार का कापला. रिपोर्ट सांगितल्या तारखेला आला नाही, फोन केला की उद्या देतो, उद्या देतो. पेरणी तोंडावर असताना हे बरं नाही. खताचं शिफारस पान छापील साच्याचं आहे, त्यावर ऊस, सोयाबीन, भुईमूग एवढंच, सीताफळ-डाळिंबासाठी वेगळं विचारावं लागतं. आणि दुसऱ्या पानावरचे घनफळाचे आकडे सगळे इंग्रजीत, वडिलांना मला बसून वाचून दाखवावं लागलं. मराठीत छापा की राव, शेतकऱ्यासाठीच आहे ना.

नदीकाठची खोल काळी किंवा पोयट्याची जमीन असेल तर एवढा खर्च करायची गरज नाही, साधा नमुना कुठंही द्या. पण कुंभोज, नेज, आळते ह्या बाजूच्या माळावर लिफ्टचं, म्हणजे नदीतून उपसून आणलेलं, पाणी येणार म्हणून ऊस लावायच्या विचारात कुणी असेल तर पाइपलाइनचे पैसे भरायच्या आधी खड्डा बघून घ्या. आमच्यात 45 सेंटिमीटरवर मुरूम लागला, शेजाऱ्याच्यात त्याच बांधापलीकडं जवळपास दुप्पट खोली निघाली, त्यानं ऊस लावला आणि आम्ही माळाच्या वरच्या तुकड्यात सीताफळ धरलं, खालच्या पट्टीत भुईमूग ठेवला. खड्डा मार्च-एप्रिलमध्ये काढू नका, कुदळ चालत नाही. दिवाळीच्या सुमारास रानात ओल असते, तेव्हा नंबर लावा, आणि आधी फोन करून जा, खड्डा बघणारा साहेब एकच आहे.