वागळे इस्टेटमधील नॉर्थ लाइट छपराचा गाळा

छपाईच्या व्यवसायासाठी आम्ही ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका जुन्या शेडमधील गाळा भाड्याने घेतला आहे. असे गाळे आता कमी होत चालले असल्यामुळे हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२मध्ये स्थापन झाले आणि वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. आमच्या शेडच्या मूळ बांधकामात शोभेपुरते असे काहीच नाही. छप्पर करवतीच्या दात्यांचे, आणि प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची व उत्तराभिमुख; त्यामुळे दिवसभर एकसारखा, डोळ्यांवर न येणारा उजेड टेबलावर पडतो. ट्यूबलाइटखाली हमखास निसटणारा निळ्या आणि जांभळ्या शाईतला फरक इथे नुसत्या डोळ्यांना दिसतो. काचेच्या वर पत्रा वीतभर पुढे काढलेला आहे, तोही उगाच नाही. ठाणे सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला कललेला असतो, आणि ते जवळजवळ उभे ऊन अडवायला एवढीशी पागोळी पुरते. सकाळ-संध्याकाळची तिरीप मात्र येते. तेवढ्यापुरता पडदा लावावा लागतो.

रॉटरडॅमच्या व्हॅन नेले कारखान्यात (१९३१) उजेडासाठी अख्ख्या भिंतीच काचेच्या केल्या होत्या. आपल्या उन्हात तशा भिंतींनी कामगार भाजून निघाले असते. इथे उजेड छपरातून घेऊन भिंती विटांच्याच ठेवल्या, हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो.

या छपराची नाजूक जागा म्हणजे दोन दात्यांमधली पन्हळ. पावसाळ्यापूर्वी त्यातला पालापाचोळा काढला नाही, तर पहिल्याच मोठ्या सरीत पाणी थेट कागदाच्या रिमांवर उतरते.

खरी तक्रार अलीकडच्या नूतनीकरणाबद्दल आहे. मालकांनी दर्शनी भागावर एसीपीचे (अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेले) चकचकीत पॅनेल चढवले आणि शटरवरच्या वायुवीजनाच्या जाळ्या त्याखाली बुजवल्या. पूर्वी तापलेली हवा तिथून बाहेर पडत असे. आता दुपारी शाईचा आणि सॉल्व्हंटचा वास आतच कोंडतो आणि एक्झॉस्ट पंखे सतत चालू ठेवावे लागतात. ज्यांनी ती इमारत आखली त्यांच्या कामाचा हा अवमान आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

तरीही रंगाचे, शिलाईचे किंवा बारीक जुळणीचे काम असणाऱ्यांनी असा गाळा जरूर घ्यावा. करार करताना जाळ्या मोकळ्या करण्याची आणि पन्हळ साफ करण्याची जबाबदारी कोणाची, हे लेखी ठरवून घ्यावे.