नाइट गार्डचे आठ महिने : कानशिलांचं ठणकणं कितपत थांबलं

वस्तू : वरच्या सगळ्या दातांवर बसणारा कडक अॅक्रिलिकचा नाइट गार्ड, म्हणजे झोपेत दात आवळले-घासले जातात तेव्हा घालायचं आवरण, डेंटिस्टकडे माप देऊन करून घेतलेला. वापर : आठ महिने, रोज रात्री. तक्रार : उठल्या उठल्या दोन्ही कानशिलं ठणकणं, गाल जड, घास चावताना कानापुढे कटकट.

आधी निदान, कारण गार्डचा उपयोग होणार की नाही हे तिथेच ठरतं. दात घट्ट आवळा आणि कानशिलावर बोटं ठेवा. बोटांखाली जो फुगतो तो टेम्पोरॅलिस, पंख्यासारखा पसरलेला, जबडा मिटणारा स्नायू. रात्री झोपेत तो पुन्हा पुन्हा आवळला गेला की सकाळी दुखतो तो स्नायू, पण आपण म्हणतो डोकं दुखतंय. शिवाय जबड्याचा सांधा, चावण्याचे स्नायू आणि मेंदूची आवरणं या सगळ्यांच्या वेदना मुख्यतः ट्रायजेमिनल या चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या नसेवाटेच मेंदूकडे जातात आणि मानेच्या वरच्या नसाही तिच्याच केंद्रात येऊन मिळतात. त्यामुळे मूळ एकीकडे आणि कळ दुसरीकडे, असं सहज होतं. सेंट लुईसचे कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी जबडा आणि डोकेदुखी यांचा हा संबंध १९३४ मध्येच मांडला होता. त्यांनी दिलेलं कारण, म्हणजे दाढा गेल्यामुळे सांधा मागे सरकून नसेवर दाब येतो हे, पुढे टिकलं नाही. संबंध मात्र टिकला. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय डोकेदुखी वर्गीकरणात जबड्यामुळे होणाऱ्या डोकेदुखीला स्वतंत्र जागा आहे.

तपासताना डॉक्टर कानशील दाबतात, तोंड पूर्ण उघडायला लावतात. नुसतं दुखलं एवढ्यावर भागत नाही. 'रोज दुखतं ते हेच' अशी ओळख पटली पाहिजे. मळमळ आणि उजेडाचा त्रास असलेली ठणकणारी अर्धशिशी सोबतीला असू शकते. तिचे उपचार वेगळे घ्यावे लागतात. आणि सांधा नुसता वाजत असेल, दुखत नसेल, अडकत नसेल, तर त्याच्या मागे लागू नये.

आता गार्ड. दाढांपाशी जाडी साधारण २ मिलिमीटर. बसवताना खरं काम असतं रंगीत कागदाचं. कागद चावायला देतात, ठिपके उमटतात, आणि सगळ्या दाढांवर ते सारखे उमटेपर्यंत घासून जुळवतात. जबडा बाजूला सरकवला की फक्त सुळ्यावर रेघ उमटली पाहिजे, दाढा सुटल्या पाहिजेत. याला अर्धा तास लागला तरी लागू द्या. एक दाढ जरी उंच राहिली तरी त्या बाजूचा स्नायू रात्रभर तिच्याशी झगडतो आणि सकाळी एकच कानशील दुखतं. असं झालं तर परत जा. घरी कानस लावू नका.

पहिला आठवडा लाळ जास्त सुटते, दात ताणल्यासारखे वाटतात. गार्ड बोटांनी दाबून बसवायचा, चावून नाही, नाहीतर तडा जातो. काढताना दोन्ही बाजूंच्या दाढांपासून एकदम सोडवायचा. सकाळी काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं चावा बेढब वाटतो, ते चालतं. दुपारपर्यंत तसंच वाटलं तर डेंटिस्टला दाखवा. धुताना थंड पाणी, मऊ ब्रश, साधा साबण. टूथपेस्टने ओरखडे पडतात आणि गरम पाण्यात तो वाकतो. एकदा वाकला की संपला.

मऊ गार्ड स्वस्त पडतो, पण काही जण तो च्युइंगमसारखा चघळत बसतात आणि आवळणं उलट वाढतं. पाण्यात उकळून बसवायचे खेळाडूंचे गार्ड या कामाचे नाहीत. फक्त पुढच्या चार-सहा दातांवर बसणारी छोटी पट्टी तर देखरेखीशिवाय वापरूच नये : दाढा मोकळ्या राहून वर-खाली सरकतात आणि चावा कायमचा बदलू शकतो.

निकाल असा. सकाळचं ठणकणं सहाव्या आठवड्यापासून स्पष्ट कमी झालं. दुपारी चारनंतरचं दुखणं गार्डने जागचं हललं नाही, कारण ते दिवसा स्क्रीनपुढे दात टेकवून बसण्याचं होतं. ओठ मिटलेले असले तरी दात सुटे हवेत, मधे २ ते ४ मिलिमीटर फट हवी. मॉनिटर, फोन आणि गाडीच्या स्टिअरिंगवर रंगीत टिकल्या चिकटवल्या; टिकली दिसली की दात टेकलेत का ते बघायचं आणि जीभ 'न' म्हणताना लागते तिथे ठेवायची. जीभ तिथेच टेकवून, ती सुटणार नाही इतकंच तोंड हळू उघडायचं : सहा वेळा, दिवसातून सहादा. संध्याकाळी गालांवर पंधरा मिनिटं कोमट शेक. ऊस, चिक्की, सुपारी बंद. जांभईला हनुवटीखाली मूठ. दुपारचं दुखणं यानेच उतरलं. २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या शिफारशींतही देखरेखीखालचे जबड्याचे व्यायाम आणि सवयी बदलण्याचे उपचार गार्डच्या वर आहेत. म्हणून गार्डवर पैसे घालण्याआधी महिनाभर टिकल्या लावून बघाच, असं मनापासून सांगावंसं वाटतं.

काही ठिकाणी गार्ड उपयोगाचा नाही. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस चालू असेल तर गोळीनेच डोकं दुखत राहतं. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर आधी त्याची तपासणी; वरचा गार्ड काहींमध्ये ते वाढवतो. सुपारी-गुटख्यामुळे तोंड उघडेनासं झालं असेल तर तो आजार वेगळा. आणि पन्नाशीनंतर कानशील नव्याने दुखू लागलं, चावताना जबडा थकून दुखला, नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्तवाहिनीला सूज असू शकते आणि दृष्टी जाऊ शकते.

आठ महिन्यांनी गार्ड उजेडात धरला की डाव्या सुळ्यापाशी नखाएवढा गुळगुळीत, चकाकणारा डाग दिसतो. बाकी पृष्ठभाग धुरकट. घासलं जातंय ते तिथे, दातांऐवजी अॅक्रिलिक. पुढच्या भेटीत रंगीत कागद पुन्हा लावून तेवढा भाग जुळवून घ्यायचा आहे.