अनलिमिटेड लिसनर्सचा प्लॅन घेतला आणि ऐन गणपतीत रेडिओ गप्प झाला

ओळखीतली एक-दोन भजन मंडळं सध्या इंटरनेट रेडिओ काढायच्या तयारीत आहेत आणि कुठल्या कंपनीचं होस्टिंग घेऊ म्हणून मला फोन येतायत, तर प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. आणि खरं सांगायचं तर नाव कळून फार उपयोगही नाही, उद्या हाच धंदा दुसऱ्या नावाने कोणीही करेल, त्यापेक्षा ते कसं करतात ते कळलेलं बरं.

आमचा रेडिओ म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. कणकवली-मालवण पट्ट्यातल्या डबलबाऱ्यांची, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यांची, रेकॉर्डिंग, दहिकाल्यातली दशावतारी नाटकं, आणि गणपतीत कुणाच्या तरी घरातून रात्रीचं भजन लाइव्ह. ऐकणारे निम्म्याहून जास्त मुंबईतले, ज्यांना रजा मिळाली नाही किंवा कोकणकन्येचं तिकीट मिळालं नाही असे चाकरमानी. सिनेमाची गाणी मुद्दाम ठेवली नव्हती. आकाशवाणी किंवा एफएमवाल्यांना ठरलेल्या दराने गाणी वाजवायची जी कायद्यातली सोय आहे ती इंटरनेटला लागू नाही असं मुंबई हायकोर्टाने २०१९ मध्ये सांगितलंय, त्यामुळे त्या भानगडीत पडायचंच नाही असं ठरलेलं. बुवांची लेखी परवानगी, साऊंडवाल्याचा मिक्सर, एक जुना लॅपटॉप आणि फायबरचं कनेक्शन, झाला रेडिओ.

आता होस्टिंग कशाला लागतं, तर तुमच्या लॅपटॉपवरून आवाजाची एकच धार कंपनीच्या सर्व्हरला जाते आणि तिथून प्रत्येक ऐकणाऱ्याला त्याची वेगळी कॉपी जाते, म्हणून ऐकणारे वाढले की कंपनीचा डेटा वाढतो. हिशोब सोपा आहे, १२८ केबीपीएसवर (केबीपीएस म्हणजे दर सेकंदाला आवाजाचा किती डेटा जातो त्याचं माप) एका माणसाने एक तास ऐकलं की ५७.६ एमबी जातात, ६४ वर ठेवलं तर त्याच्या निम्मे. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आम्ही दिवाळीत वर्षाचा प्लॅन घेतला, ६,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,०८०. प्लॅनवर ठळक लिहिलेलं 'अनलिमिटेड लिसनर्स', शिवाय ऑटोडीजे, म्हणजे आपण झोपलो तरी सर्व्हरवरची रेकॉर्डिंग वाजत राहतात. वर एक मोबाईल अ‍ॅप फुकट. सेल्सवाला फोनवर एवढं गोड बोलला की विचारू नका, "दादा, तुमचा रेट लॉक, तुम्ही जुने कस्टमर म्हणून कायम याच भावात." मी त्याला तेव्हाच म्हटलं हे मेलवर द्या, त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर 'कन्फर्म सर' आणि एक अंगठा पाठवला. तो अंगठा आज तक्रारीला जोडलेला आहे.

श्रावणापर्यंत सगळं छान चाललं. मग एक मेल आला, विषय काय तर 'तुमच्यासाठी आनंदाची बातमी, आता आणखी चांगले प्लॅन'. मेलमध्ये नवीन कंट्रोल पॅनल, नवीन रंग, नवीन लोगो यांचं कौतुक आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक लिंक. त्या लिंकवर असं होतं की जुने अनलिमिटेड प्लॅन बंद केलेत, चालू ग्राहकांना नव्या प्लॅनमध्ये हलवलंय, तीस दिवसांत कळवलं नाही तर मान्य आहे असं समजू. नव्या प्लॅनमध्ये महिन्याला २,००० 'ऐकण्याचे तास', त्याच्या वर तासाला २ रुपये अधिक जीएसटी, आणि वर्ष संपल्यावर महिन्याला २,००० रुपये अधिक जीएसटी. म्हणजे आज वर्षाला ७,०८० भरतोय ते पुढच्या दिवाळीपासून २८,३२०. मी मेलला उत्तर लिहिलं की आमचं वर्ष अजून संपलेलं नाही, पैसे आधीच भरलेत, आम्हाला बदल मान्य नाही. उत्तर आलं, 'तुमचा फीडबॅक आमच्यासाठी मौल्यवान आहे.' बास.

ऐकण्याचे तास म्हणजे सगळ्यांनी मिळून ऐकलेले तास. गणपतीत आमच्याकडे रात्री तिनशेच्या आसपास माणसं असतात आणि चार तास भजन चालतं, म्हणजे एका रात्रीत १,२०० तास. महिन्याचा कोटा दुसऱ्या रात्रीच खलास. आणि २,००० तासांना कंपनीचा खर्च किती, तर डेटा साधारण ११५ जीबी. परदेशातला पाच-सहा डॉलरचा सर्व्हर घेतला तर महिन्याला १ टीबी डेटा मिळतो, त्यात १२८ केबीपीएसवर सतरा हजार तास बसतात. त्यांना सपोर्ट, ऑफिस, पगार असतील, कबूल, पण 'वाढत्या खर्चामुळे नाइलाज' हे जे मेलमध्ये होतं ते मला पटलेलं नाही.

याच्यापेक्षा भारी गोष्ट तर अटींच्या आत होती. प्रत्येक कनेक्शन कमीत कमी १५ मिनिटांचं धरणार. म्हणजे कोणी चुकून लावून दहा सेकंदांत बंद केलं तरी पाव तास. आता कोकणात रेंजचं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. घाटात गेली, झाडाखाली आली, पावसात परत गेली, आणि अ‍ॅप प्रत्येक वेळी आपोआप नवीन कनेक्शन घेतं. रेल्वेने येणारा माणूस चिपळूण ते कणकवली कानात भजन लावून बसला असेल तर प्रत्येक बोगद्यानंतर एक पाव तास. कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत, एकटा करबुडेच साडेसहा किलोमीटरचा. गणपतीत गाड्या भरभरून येतात आणि त्यातले किती आमचा रेडिओ लावून येतात हे आम्ही अभिमानाने सांगायचो, तेच बिलात दिसलं! आमच्या मोजणीने सात रात्रींचे आठ-साडेआठ हजार तास होत होते, त्यांच्या बिलात बारा हजारांच्या वर. रोजच्या कनेक्शनचा लॉग मागितला तर म्हणे तो फक्त प्रीमियम प्लॅनला मिळतो.

पैसे कसे गेले ते नीट वाचा. प्लॅन घेताना यूपीआय ऑटोपे करून घेतलेलं होतं, रिन्यूअल चुकू नये म्हणून. रक्कम ७,०८० ची, पण मॅन्डेटमध्ये, म्हणजे पैसे आपोआप कापायला आपण दिलेल्या परवानगीत, मर्यादा टाकलेली '१५,००० पर्यंत', आणि कधी कापायचे तिथे वर्षातून एकदा नाही तर 'लागेल तेव्हा'. १५,००० च्या आत असेल तर दर वेळी पिन विचारत नाहीत, नियमच तसा आहे, फक्त २४ तास आधी मेसेज येतो. तो आला पण असणार, गणपतीत शुभेच्छांच्या आणि मोदकांच्या फोटोंच्या ढिगाऱ्यात कोण बघतो. चौथ्या दिवशी ५,९०० गेले. पुढचं बिल झालं १८,००० च्या वर, ते मर्यादेबाहेर असल्यामुळे कापलं गेलं नाही, आणि पैसे आले नाहीत म्हणून त्यांनी रेडिओ बंद केला.

कधी बंद केला तर सात दिवसांचे गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री. अकरा दिवसांच्या एका घरातून लाइव्ह चालू, बुवा गजरावर आलेले, पखवाजवाला पेटलेला, आणि बोरिवलीहून माझ्या चुलतभावाचा फोन, आवाज येना नाय. आमच्या लॅपटॉपवर तर सगळं हिरवं दिसत होतं. मी अ‍ॅप उघडून बघतो तर आमच्या लिंकवर एक मशीनचा बाईचा आवाज इंग्लिशमध्ये सांगतोय, या स्टेशनचं पेमेंट बाकी आहे, मालकाशी संपर्क करा. तेच परत परत. तिनशे लोकांच्या कानात. मुंबईतल्या सगळ्या वाडीकरांना वाटलं आम्ही बिल बुडवलं. दुसऱ्या दिवशी बुवा घरी आले, "काय रे झिला, पैशे कमी होते तर माका सांगूचा ना, आम्ही वर्गणी काढली असती." त्यांना तासांचा आणि बोगद्यांचा हिशोब काय समजावणार. त्या दिवशी जी लाज वाटली तिचं बिल कोणाला लावायचं ते अजून कळलेलं नाही.

तुम्ही म्हणाल दुसरी कंपनी घ्यायची, एका रात्रीत हलवायचं. तिथेच तर खरी मेख आहे. भाव वाढला ते दुखलंच, पण आम्ही अडकलो ते भावामुळे नाही. रेडिओची लिंक त्यांच्या नावाची होती, म्हणजे पत्ता त्यांच्या डोमेनवर आणि पुढे आमच्या स्टेशनचं नाव. गावातल्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीच लिंक, मंडळाच्या बॅनरवर तिचाच क्यूआर कोड, आणि देवळाच्या भिंतीवर तर रंगवून घेतलेला. अ‍ॅप त्यांच्या खात्यातून प्ले स्टोअरवर टाकलेलं, त्यात आमचा फोटो सोडून आमचं काही नाही. ऑटोडीजेवर चढवलेली रेकॉर्डिंग परत उतरवायला डाउनलोडचं बटणच नाही, चढवायचं आहे, पुसायचं आहे. रेकॉर्डिंगची दुसरी कॉपी साऊंडवाल्याच्या हार्डडिस्कवर होती म्हणून त्यातून वाचलो, पण ऐकणारी माणसं त्या लिंकवर होती आणि लिंक त्यांच्या ताब्यात. भाड्याच्या गाळ्यात दुकान चालतं तोपर्यंत ठीक, इथे दुकानाची पाटी पण मालकाच्या नावाची होती.

आणि प्लॅन रद्द करायचा तर त्याला बटण नाही, फोन करायचा, सोमवार ते शुक्रवार, अकरा ते पाच. फोन लागला की आधी हिंदीत विचारणार का जाताय, मग एक महिना फुकट देतो, मग वरच्या साहेबांशी बोला, साहेब जेवायला गेलेत.

भाववाढीबद्दल एक सांगतो नाहीतर गैरसमज होईल. कंपन्यांनी भाव वाढवू नयेत असं माझं म्हणणं अजिबात नाही. या धंद्यात खरोखरच्या अडचणी येतात. अमेरिकेतली लाइव्ह थ्री सिक्स्टी फाइव्ह नावाची जुनी कंपनी जानेवारी २०१६ अखेर बंद पडली, कारण तिथे छोट्या स्टेशनांना गाण्यांच्या रॉयल्टीत जी सवलत होती ती संपली आणि गुंतवणूकदारही निघून गेले. हजारो छोटी स्टेशनं एकदम रस्त्यावर आली, पुढच्या वर्षी नव्या मालकाने कंपनी परत चालू केली ते वेगळं. पण ते झालं उघड, तारीख सांगून. इथे आमचे पैसे आधी घेतलेले, वर्ष चालू, आणि विकलेला माल मधेच बदलला. वर्ष संपल्यावर दुप्पट सांगा ना, आम्ही घेऊ नाहीतर सोडू.

तक्रार आधी १९१५ वर केली, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे तक्रार नंबर मिळतो आणि ते कंपनीला विचारतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ग्राहकाला फसवायच्या ऑनलाइन युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढलीयत, त्यात तेरा प्रकार दिलेत, 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' म्हणजे रद्द करणं मुद्दाम अवघड ठेवणं, आणि 'बेट अँड स्विच' म्हणजे दाखवायचं एक द्यायचं दुसरं. दोन्ही नावं तक्रारीत घातली. कंपनीने त्यांच्या प्लॅनचं जुनं पान तोपर्यंत बदलून टाकलेलं, म्हणे अनलिमिटेड असं आम्ही कधी लिहिलंच नव्हतं. वेबॅक मशीनवर जुनी पानं साठवलेली असतात, तिथे दिवाळीच्या आधीचं ते पान सापडलं, 'अनलिमिटेड लिसनर्स' मोठ्या अक्षरात. ते जोडल्यावर सूर बदलला. आधी ५,९०० 'वॉलेट क्रेडिट' देतो म्हणाले, म्हणजे परत त्यांच्याकडेच खर्च करा! नाही म्हटल्यावर बँकेत आले. १८,००० चं बिलही मागे घेतलं. उरलेल्या महिन्यांचे पैसे मात्र देत नाहीत, अट आहे म्हणे नॉन रिफंडेबल. त्याच्यासाठी आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी कुठल्या का शहरातली असेना. ते म्हणणार तुमचा वापर धंद्याचा आहे म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, त्यावर आमचं उत्तर तयार आहे, रेडिओवर एकही जाहिरात नाही आणि बिल माझ्या नावावर आहे.

आता रेडिओ परत चालू आहे. मुंबईतल्या एका भाच्याने छोटा सर्व्हर घेऊन त्यावर अझुराकास्ट टाकून दिलं, ते रेडिओ चालवायचं सॉफ्टवेअर फुकट आणि ओपन सोर्स आहे, ऑटोडीजे वगैरे सगळं त्यात येतं. आवाज ६४ केबीपीएसवर आणला, भजनाला पुरतो, पखवाजाचा घुमारा थोडा कमी होतो असं साऊंडवाला कुरकुरतो पण लोकांचाही नेटपॅक वाचतो. तुमच्यात असा भाचा नसेल तर कंपनीचंच घ्या, काही हरकत नाही, पण डोमेन आधी स्वतःच्या नावावर घ्या आणि लोकांना फक्त तीच लिंक द्या, मागे सर्व्हर कुणाचाही असो, उद्या बदलला तरी लोकांना कळणार पण नाही. कंपनी म्हणाली की स्वतःचं डोमेन जोडता येत नाही, तर तिथूनच परत फिरा. ऑटोपे करताना रकमेच्या पुढे 'पर्यंत' किती आहे आणि वर्षातून किती वेळा ते वाचा, आणि नको झालं तर कंपनीला विचारायची गरज नाही, आपल्या यूपीआय अ‍ॅपमध्येच मॅन्डेट रद्द होतं, पिन टाकून दोन मिनिटांत. प्लॅनचं पान घेतल्या दिवशीच पीडीएफ करून ठेवा.

भिंतीवरचा क्यूआर कोड गेल्या आठवड्यात चुना मारून पुसला. जुनं अ‍ॅप मात्र प्ले स्टोअरवर तसंच आहे, आमच्या देवळाच्या फोटोसकट, आणि ते उघडलं की आता कुठल्यातरी भलत्याच स्टेशनची हिंदी गाणी वाजतात. काढा म्हणून लिहिलंय, गुगलकडेही तक्रार टाकलीय. तोपर्यंत कोणाच्या मोबाईलमध्ये ते असेल तर काढून टाका आणि आईवडिलांच्या फोनमध्येही बघा, त्यांना वाटतंय आम्हीच भजन सोडून हे लावायला लागलो.