नंबर दोनच जागी असतो: जुनी जावा उभी करताना झालेली फसवणूक

जुनी जावा, येझदी किंवा बुलेट मोटारसायकल घरी उभी करायला, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा चालती करायला, काढणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं. सरकारदरबारी आपली गाडी म्हणजे दोन नंबर, एक चॅसिसवरचा आणि एक इंजिनवरचा. टाकी, कार्ब्युरेटर, क्रँक (पिस्टनच्या वर-खाली होण्यानं फिरणारा इंजिनातला दांडा), स्पीडोमीटर, रिमा, सायलेन्सर यांच्यावर तुमचं नाव कुठंच नसतं. गाडी अख्खी असते तोवर हे जाणवत नाही. ती खोलली आणि भाग वेगवेगळ्या हातांत गेले, की परत येईल ते आपलंच म्हणायचं. माझ्याकडे जी टाकी परत आली ती माझी नव्हती, आणि जी क्रँक माझी होती तिच्यावर काम झालेलंच नव्हतं.

गाडी माझ्या मामांची, साठच्या दशकातली जावा २५०. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीनं १९६१ च्या सुमाराला या गाड्या काढायला सुरुवात केली, १९७३ पासून त्यांच्यावर येझदी हे नाव आलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. त्यामुळे आज 'कंपनीचा पार्ट' म्हणून जे मिळतं ते तीन प्रकारचं असतं: दुसऱ्या गाडीचं काढलेलं, एखाद्या दुकानाच्या माळ्यावर पडून राहिलेलं, किंवा अलीकडे कुठंतरी बनवलेली नक्कल. विकणारा तिन्हींना ओरिजिनलच म्हणतो. २०१८ मध्ये जावा हे नाव नव्या गाड्यांवर परत आलं आणि जुन्यांची विचारपूस एकदम वाढली. आमच्या गल्लीत फिरणारा भंगारवालासुद्धा "जावाची टाकी हाय का?" म्हणून विचारायला लागला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं. सांगलीच्या गावभागात मामांच्या घरी ही गाडी हँडल बुडेपर्यंत पाण्यात होती. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-ऑइलचं मिश्रण क्रँककेसमधूनच वर जातं. तिथं गाळ शिरला म्हणजे बेअरिंगा, रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा), सील सगळं गेलं असंच धरून चालायचं. मामा पुढं वारले, मामींनी गाडी माझ्याकडे दिली, आणि ती घरीच, जिन्याखालच्या जागेत, सावकाश उभी करायची असं मी ठरवलं.

चाकं, ब्रेक, वायरिंग मला जमतं. इंजिनासाठी माणूस हवा होता. जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात ओळख झालेला एक मिस्त्री दर रविवारी घरी यायला तयार झाला. त्याला काम येत होतं, हे मुद्दाम सांगतो. फसवणारा माणूस अडाणी असतो, चार प्रश्न विचारले की उघडा पडतो, असं आपण समजतो. जावाची किक हीच गिअरची दांडी असते आणि दांडी हलवली की क्लच आपोआप सुटतो. ती आतली जुळवाजुळव भल्याभल्यांना दमवते. यानं ती माझ्यासमोर, गप्पा मारत लावून दाखवली. बायकोला वहिनी म्हणायचा, मुलीला पान्यांचे नंबर शिकवायचा. सुरुवातीला ॲडव्हान्सही मागितला नाही. ब्रेकचे लायनर, हबच्या बेअरिंगा, केबली अशी जी कामं माझ्या डोळ्यांदेखत झाली ती चोख झाली, आणि सगळा डाव त्या चोखपणावरच उभा होता.

मग एका रविवारी तो म्हणाला, "साहेब, क्रँक हितं व्हायची नाही. प्रेसवर खोलायला लागती. उद्यमनगरात माझा माणूस हाय." कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्यांची वस्ती आहे हे आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात, त्यामुळे यात खटकण्यासारखं काही नव्हतं. क्रँकबरोबर सिलिंडर बोअरिंगला, म्हणजे आतून कापून थोडा मोठा करायला, निघाला. "एकाच हेलपाट्यात टाकीपण क्रोमला टाकू" म्हणून टाकी गेली. "कार्ब्युरेटर धुवायला मशीन हाय तिकडं" म्हणून तो गेला. स्पीडोमीटर तर मी नको म्हणत होतो, तोही पोत्यात गेला.

त्यानंतर दोन गोष्टी सुरू झाल्या, कारणं आणि चिठ्ठ्या. क्रोमवाल्याची लाइट गेली, कारागीर वारीला गेला, रॉड किट मुंबईवरून यायचंय. प्रत्येक कारणाबरोबर थोडे पैसे. रॉड किट, मेन बेअरिंगा, ऑइल सील, बोअर, पिस्टन, क्रोम असं करत ₹४२,००० गेले. बिल म्हणून वहीच्या पानावर लिहिलेल्या चिठ्ठ्या, वर दुकानाचं नाव नाही, खाली सही नाही. जुने पार्ट मागितले की "ते तिकडंच भंगारात टाकले, काय करताय त्याचं?" हे वाक्य ऐकलंत की तिथंच थांबा. रॉड खरंच बदलला असेल तर जुना रॉड, जुनी पिन, जुना केज (बेअरिंगचा पिंजरा) कुठंतरी असणारच, आणि सरळ माणूस ते पिशवीत घालून न मागता देतो.

टाकी परत आली ती बघून मामींच्या डोळ्यांत पाणी आलं. बाजूचा क्रोम आरशासारखा, मरून रंग ताजा. हाताला मात्र ती हलकी लागली. क्रोम करताना जुना थर काढून बफिंग करतात, त्यात पत्रा थोडा झिजतो हे खरं, पण इतका नाही. आमच्या टाकीला खाली पेट्रोलच्या कॉकशेजारी मामांनी कधीकाळी पितळेचा डाग, म्हणजे झाळ, लावून घेतला होता. तो दिसेना. मिस्त्रीचं उत्तर तयार होतं, "तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड केला, साहेब." मी टॉर्च लावून आत बघितलं. वेल्डिंग केलं तर आतल्या बाजूला त्याची खूण राहते, भोवती पत्रा काळवंडतो. इथं आत कोरा करकरीत पत्रा, ना गंज, ना पुराचा गाळ बसल्याचा मागमूस. कुठला बोल्ट कुठं बसतो ते कळावं म्हणून मुलीनं गाडी खोलताना फोनवर भराभर फोटो काढले होते. त्यातल्या एकात टाकी उलटी ठेवलेली आहे आणि पितळी डाग स्वच्छ दिसतो. शेजारून जाणारा पत्र्याचा जोडही दिसतो. या टाकीवर तो जोड वेगळ्याच जागी होता.

मी लगेच काही बोललो नाही. इंजिन अजून त्याच्याकडेच होतं.

इंजिन आलं, बसलं, गाडी सुरूही झाली. तेव्हा त्यानं आणखी एक गळ टाकला. ओळखीचा एजंट आहे, आठ हजार द्या, 'व्हिंटेज सर्टिफिकेट' आणून देतो, मग गाडी कायम रस्त्यावर बिनघोर चालवा. याबाबत खूप जण फसतात, म्हणून नियमच सांगतो. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी ₹२०,०००, मुदत १० वर्षं, आणि या नंबरावर गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर होतो. म्हणजे तो ज्या कारणासाठी ते सर्टिफिकेट विकत होता, नेमकी तीच गोष्ट त्या नोंदणीत बंद आहे. शिवाय मूळ टाकी काढून नकली बसवलेल्या गाडीला 'मूळ स्वरूपात' असा दाखला मिळवून द्यायला निघालेला माणूस तोच. हा धीटपणा बघून मला राग यायच्या आधी हसूच आलं.

गाडी थोडी पळाली आणि खालून ठोका ऐकू यायला लागला. या वेळी मी इंजिन मिरजेच्या एका वयस्कर टर्नरकडे नेलं आणि ते खोलेपर्यंत त्यांच्या स्टुलावर बसून राहिलो. त्यांनी क्रँक हातात घेतली, रॉड वर ओढून पाहिला आणि म्हणाले, "पाहुणं, हा रॉड कंपनीतनं आल्यापास्नं हितंच बसलाय."

टू-स्ट्रोकची क्रँक दाबून बसवलेली असते. दोन फ्लायव्हील, मधे पिन, पिनवर बेअरिंग, त्यावर रॉड. रॉड किट घालायचं तर प्रेसवर पिन काढावी लागते. पिन नवी असेल तर तिची दोन्ही टोकं फ्लायव्हीलच्या बाहेरच्या बाजूनं ताजी, चकचकीत दिसतात आणि कडेला दाबल्याची खूण असते. आमच्या पिनेच्या टोकांवर पुराच्या पाण्यानं पडलेले खड्डे जसेच्या तसे होते, वरून पॉलिश पेपर फिरवलेला. मग मला घरी रॉड घट्ट कसा लागला? वरच्या टोकाचा बुश तेवढा नवा घातला होता. गजन पिन (रॉडच्या वरच्या टोकाला पिस्टन जोडणारी) बोटानं दाबून बसवताना जे घट्ट लागतं ते त्या बुशामुळे. बिग एंड, म्हणजे रॉडचं खालचं टोक, हलतो का ते बघायचं तर रॉड सरळ वर-खाली ओढायचा, तिथं काहीच खेळ लागता कामा नये. आडवा थोडा हलला तर चालतो. मिस्त्रीकडे क्रँक साफ करताना ऑइल भरपूर सोडलं होतं, त्यामुळे तो खेळ तात्पुरता दबला होता.

टर्नरांनी क्रँक सेंटरमध्ये धरून डायल (बारीक फरक मोजणारं घड्याळ) लावला, तर शाफ्ट डोळ्यांना दिसेल इतकी हेलकावत होती. सिलिंडरचं त्याहून सोपं निघालं. जावाचा मूळ बोअर ६५ मिमी. ०.५० चा ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापाहून मोठा, पिस्टन घातला असता तर माप ६५.५० च्या आसपास भरायला हवं. भरलं ६५ च्या जेमतेम वर. ओव्हरसाइज पिस्टनच्या डोक्यावर आकडा ठोकलेला असतो, तो तिथं नव्हताच. बोअरिंग न करता नुसतं होनिंग (वरवरची घासाई) फिरवलं होतं, गंजाचे डाग खाली तसेच. कार्ब्युरेटरही बदललेला. आमचा मूळचा जिकोव्ह कंपनीचा गेला आणि त्या जागी घासून चमकवलेला दुसरा आला. स्पीडोमीटर तर परत आलाच नाही.

मिस्त्रीला घरी बोलावलं. फोटो, मापं, टर्नरांचं म्हणणं सगळं पुढं ठेवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "टाकी तुमचीच न्हवं कशावरनं? नंबर हाय का तिच्यावर?" त्या दिवसापासून वहिनी वगैरे बंद, फोन बंद.

पोलीस ठाण्यातही पहिला प्रश्न तोच आला, टाकीवर नंबर आहे का. भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीचं आणि ३१६ विश्वासानं दिलेली वस्तू लाटण्याचं. दोन्ही कलमांचा उल्लेख करून लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. तोंडी सांगून परत फिरू नका, पोच मागा. दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. पैसे घेऊन काम केलं म्हणजे ती सेवा झाली. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी पडत नाही. वकील पाहिजेच असंही नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. माझी तक्रार तिथं दाखल आहे. त्यात सगळ्यात कामाला आले ते यूपीआयनं पाठवलेले पैसे आणि त्यासोबत मी लिहिलेले शब्द, 'रॉड किट', 'क्रोम टाकी'. काही हप्ते मी नोट न लिहिता पाठवले, त्यांच्यावर आता वाद चाललाय. आणि 'मी लष्करात आहे, बदली झाली, स्पीडोमीटर डब्यासकट आहे, आधी ट्रान्सपोर्टचे पैसे टाका' असला फोन आला तर तो प्रकार वेगळा, त्याला १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर. लगेच लावला तर पैसे गोठण्याची थोडी तरी आशा असते.

आता क्रँक मिरजेलाच होतेय, मी समोर बसून. टर्नरांनी स्वतःहून जुनी पिन आणि केज कागदात गुंडाळून दिलं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक भागावर मी आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला सेंटर पंचनं तीन ठिपके मारतो, वजन करतो आणि दोन्हींचा फोटो काढून काम घेणाऱ्याच्याच फोनवर पाठवतो. "हे मिळालं" एवढं उत्तर आल्यावरच भाग हातातून सोडतो. एका क्रोमवाल्यानं यावर तोंड वाकडं केलं, त्याच्याकडे दिलं नाही. दुसरा म्हणाला, "बरं झालं साहेब, उद्या तुम्ही मला रिमा बदलल्या म्हणणार नाही."

एक विनंती. सांगली, कोल्हापूर, सातारा, बेळगाव या भागात गेल्या काही महिन्यांत कुणी जावाची जुनी मूळ टाकी विकत घेतली असेल, तर ती उलटी करून बघा. कॉकच्या डाव्या अंगाला आठ आण्याच्या नाण्याएवढा पितळी डाग आणि त्यावर कानशीनं घासल्याच्या आडव्या रेघा असतील, तर ती आमच्या मामांची. तुम्ही पैसे मोजून घेतलीय, मी ती हिसकावून मागणार नाही. विकणाऱ्यानं तुम्हाला काय सांगितलं, पैसे कुणाच्या खात्यावर गेले, एवढं तुम्ही लेखी दिलंत तर ग्राहक आयोगापुढं ते जोडता येईल.