किराण्याच्या फडताळात डबे कुठले? स्टील, काच की प्लास्टिक?

दिवाळीच्या आवराआवरीत किराण्याचं फडताळ रिकामं झालं, की एकसारख्या डब्यांचा सेट मागवायचा मोह होतो. फोटोत तो देखणा दिसतोच. पण तूरडाळ, चिंच, पापड आणि हिंग यांना एकच डबा मानवत नाही. म्हणून माझं मत आधीच सांगते: सेट नको, जिन्नस बघून डबे घ्या. तेही आवरून झाल्यावर. मोहरीच्या तीन अर्धवट पुड्या एकत्र केल्या आणि जुनी भाजणी, खवट झालेलं खोबरं बाहेर काढलं, की निम्म्या डब्यांची गरजच उरत नाही.

रोजच्या डाळी, तांदूळ, कणीक यांना स्टीलच बरं. पडलं तर पोचा येतो, फुटत नाही. वास धरत नाही. उजेड आत जात नसल्याने हळद-तिखटाचा रंगही टिकतो. पण आतलं दिसत नाही, त्यामुळे साबुदाणा संपलाय हे एकादशीच्या सकाळीच कळतं. नावाची चिठ्ठी लावली तरी किती उरलंय हे ती सांगत नाही. शिवाय साध्या दाबाच्या झाकणाचा डबा हवाबंद नसतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात त्यातले पोहे सादळतात आणि साखरेला मुंग्या लागतात. दुकानदार ३०४ ग्रेडच्या स्टीलचा आग्रह धरेल. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, त्यामुळे तो गंजाला जास्त दाद देत नाही, हे खरं. कोरड्या धान्यासाठी मात्र स्वस्तातला २०२ ग्रेडही चालतो.

मीठ मात्र कुठल्याच स्टीलमध्ये नको. दमट मिठाने त्याला बारीक खड्डे पडतात. मीठ, चिंच, आमसूल हे काचेचे मानकरी. हिंगही, कारण काच त्याचा वास धरून ठेवत नाही. काच जड आणि फुटणारी, म्हणून खालच्या किंवा डोळ्यांसमोरच्या फळीवरच. मसाले काचेत ठेवायचे असतील तर फडताळाला दार हवं, उघड्या मांडणीवर त्यांचा रंग उडतो. बोरोसिलिकेट काचेच्या महागड्या बरण्या घेऊ नका. त्या काचेचा गुण उष्णता सोसण्याचा, फडताळात त्याचा उपयोग नाही. मधाच्या, जॅमच्या रिकाम्या बाटल्याही छान चालतात. लोणच्याच्या बाटलीचं झाकण तेवढं बदला, तो वास सहसा जात नाही.

प्लास्टिक हलकं, स्वस्त आणि आरपार दिसणारं. पापड, कुरडया, चुरमुरे, पोहे अशा हलक्या आणि जागा खाणाऱ्या गोष्टींना, वरच्या फळीसाठी, तेच घ्या. किलोभर पोह्यांना किलोभर डाळीच्या दुपटीहून जास्त जागा लागते, तेव्हा आकार बेताने ठरवा. मसाला किंवा तेलकट चिवडा ठेवला तर वास आणि पिवळेपणा कायमचा राहतो. तळाशी त्रिकोणात ५ आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, गरम पाण्याने धुतलेलं सोसतं. १ असेल तर पेट (PET) नावाचं प्लास्टिक, ते उकळत्या पाण्याने वाकडं होतं. भाजलेला रवा कशातही गार झाल्यावरच भरायचा.

किड्यांसाठी हवाबंद डब्यावर भिस्त ठेवू नका. सोंड्यांची अंडी बहुधा धान्याबरोबरच घरात येतात. थोडंसं धान्य असेल तर फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवा, साठवणीचं असेल तर ऊन दाखवा आणि मगच भरा. जुन्या धान्यावर नवं ओतायचं नाही.

आकारात चौकोनी जिंकतो. तेवढ्याच रुंदीचा गोल डबा जवळपास २१ टक्के जागा कोपऱ्यांत वाया घालवतो. पण घरात चांगले गोल डबे असतील तर त्यासाठी ते मोडीत काढायची गरज नाही. कोपऱ्यांत वेलदोडे-लवंगांच्या छोट्या बाटल्या मावतात. नवे घेणार असाल तर आधी फळीची खोली आणि दोन फळ्यांमधली उंची मोजा, वर झाकण काढायला हात जाईल एवढी जागा सोडून.