ग्वाल्हेरची हायब्रिड आणि हिमाचलचा बर्फ : हिवाळी टायर, बारमाही टायर की साखळ्या?

ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागातील दोन मराठी घरांत यंदा एकाच सुमारास एकच प्रश्न निघाला. एका घरातील मंडळी जानेवारीत स्वतःच्या हायब्रिड (पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटर असलेल्या) गाडीने मनालीला, आणि रस्ता खुला असल्यास अटल बोगद्यापलीकडे सिस्सू गावापर्यंत जाणार आहेत. दुसऱ्या घरातील मुलाची, म्हणजे माझ्या भाच्याची, बदली सिमल्याला झाली असून तो तशीच गाडी निदान तीन वर्षांसाठी तिकडे नेणार आहे. हिवाळी टायर घ्यावेत का, असे दोघांनीही विचारले. दोघांना एकच उत्तर देता येणार नाही, कारण निर्णय गाडीवर जितका अवलंबून आहे त्याहून अधिक तो त्या टायरांवर वर्षाकाठी थंड रस्त्याचे किती किलोमीटर आणि तापलेल्या रस्त्याचे किती किलोमीटर पडणार, यावर अवलंबून आहे.

प्रथम हिशेब मांडतो. ग्वाल्हेरहून आग्रा, दिल्ली, चंडीगडमार्गे मनालीला जाऊन परत यायचे म्हणजे साधारण पावणेदोन हजार किलोमीटर होतात. मनाली ते सिस्सू हे अंतर चाळीसेक किलोमीटर आहे. म्हणजे जाऊन-येऊन फार तर ऐंशी किलोमीटर बर्फाचे किंवा बर्फाच्या शक्यतेचे. उरलेला बहुतेक रस्ता कोरडा, आणि दुपारच्या वेळी जानेवारीतही वीस अंशांच्या आगेमागे असणारा.

हे तापमान महत्त्वाचे आहे, कारण हिवाळी टायर म्हणजे केवळ खोल नक्षीचा टायर नव्हे. नेहमीच्या टायरचे रबर थंडीत कडक होत जाते आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत पृष्ठभागाला धरेनासे होते. हिवाळी टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबर आणि सिलिका यांचे प्रमाण असे राखलेले असते की ते गोठणबिंदूच्या खालीही लवचिक राहते. शिवाय नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने चिरल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात, ज्यांच्या कडा दाबलेल्या बर्फात रुततात. टायर उद्योगात यासाठी ७ अंश सेल्सिअस हा आकडा सांगितला जातो. ती काही लक्ष्मणरेषा नाही, एक व्यवहारी खूण आहे. ग्वाल्हेरमध्ये डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा ७ अंशांच्या खाली उतरतो हे खरे, आणि त्या आधारावर ‘आपल्याकडेही हिवाळी टायर चालतील’ असा युक्तिवाद मी ऐकला आहे. परंतु तीच गाडी दुपारी बाराला उन्हात उभी असते आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या हवेत, त्याहून कितीतरी अधिक तापलेल्या डांबरावर धावते. तेथे ते मऊ रबर झपाट्याने झिजते, वळणावर गाडी डुलते आणि ब्रेकचे अंतर वाढते. इकडे थंडीत पडते ते धुके, बर्फ नव्हे. आणि धुक्यावर कोणताही टायर हा उपाय नाही.

खुणांचा गोंधळ येथेच मिटवलेला बरा. गेल्या वर्षी शहरातील एका दुकानदाराने मला ‘बर्फवाला टायर’ म्हणून जो दाखवला, त्याच्या कडेवर ‘एम+एस’ एवढीच अक्षरे होती. ती ‘मड’ आणि ‘स्नो’, म्हणजे चिखल आणि बर्फ, या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे असून नक्षी मोकळी आहे एवढेच निर्माता त्यातून सांगतो. त्यामागे बर्फावरची चाचणी असावीच लागत नाही. चाचणीनंतर मिळणारे चिन्ह वेगळे आहे : तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण. हे चिन्ह १९९९ पासून उत्तर अमेरिकेत आले आणि पुढे युरोपने स्वीकारले. जर्मनीत तर १ ऑक्टोबर २०२४ पासून केवळ ‘एम+एस’ असलेला टायर हिवाळी म्हणून धरलाच जात नाही. मात्र हे चिन्हही दाबलेल्या बर्फावरच्या पकडीची ग्वाही देते, गोठलेल्या पाण्याच्या गुळगुळीत थराची नव्हे, हे ध्यानात ठेवावे. आपल्याकडे दुकानात ज्याला ‘ऑल सीझन’ म्हणतात त्याचा अर्थ बहुधा ऊन आणि पाऊस एवढाच असतो.

आता गाडीकडे वळतो. दोन्ही घरांतील गाड्या मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या जुळ्यांपैकी आहेत आणि दोन्ही स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे काही वेळ केवळ विजेवरही धावणाऱ्या, आहेत. टायरचे माप २१५/६० आर १७. (होंडा सिटीच्या हायब्रिडला १८५/५५ आर १६ लागतात, पण पुढील विवेचन तिलाही लागू पडते.) या जुळ्यांत चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा मिळते, परंतु ती माइल्ड हायब्रिडमध्ये, जिच्यात मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते; स्ट्राँग हायब्रिड केवळ पुढच्या चाकांवर चालते. ‘एसयूव्ही आहे, चढेल’ या समजुतीवर विसंबणाऱ्यांनी हे एक वाक्य पुन्हा वाचावे.

हायब्रिडमुळे टायरच्या निवडीत खरोखर काय बदलते? पहिली गोष्ट इंधनाची. कंपनीने जाहीर केलेला २७.९७ किलोमीटर प्रतिलिटरचा आकडा ज्या टायरांवर मिळतो, ते कमी घर्षणाने फिरतील अशा रीतीने निवडलेले असतात. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा हायब्रिड गाडी बॅटरीत परत घेते. टायर फिरताना रबराच्या दबण्या-फुगण्यात जी ऊर्जा उष्णता होऊन जाते, ती मात्र कोणतीही मोटर परत आणू शकत नाही. त्यामुळे जड फिरणाऱ्या टायरचा दंड हायब्रिडच्या मालकाला अधिक टोचतो, कारण ज्यासाठी त्याने जास्तीचे पैसे मोजले तेच त्यातून वजा होते. त्यात थंडीत बॅटरी चार्ज सावकाश घेते आणि हीटरसाठी इंजिन वारंवार चालू राहते, म्हणजे मायलेज आधीच घटलेले असते.

दुसरी गोष्ट जोराची. विजेची मोटर शून्य वेगापासूनच पूर्ण ताकद लावते, त्यामुळे बर्फावर पाय जरा जड पडला की पुढची चाके जागच्या जागी फिरू लागतात. गाडीची यंत्रणा ते ओळखून जोर तोडते, पण पकड निर्माण करणे तिच्या हातात नाही. उतारावर गिअरच्या ‘बी’ स्थितीचा उपयोग होतो, कारण ब्रेकवर पाय न ठेवता वेग आटोक्यात राहतो; मात्र हा अटकावही पुढच्याच चाकांवर येतो, म्हणून निसरड्या जागी ती स्थिती अचानक घालू नये. तिसरी गोष्ट वजनाची. बॅटरी आणि मोटर यांमुळे गाडी तिच्या साध्या आवृत्तीहून जड असते, तेव्हा टायरचा भार निर्देशांक कंपनीच्या टायरपेक्षा कमी चालणार नाही. निर्देशांक ९६ असेल तर एका टायरची क्षमता ७१० किलो होते. वेगाचे अक्षर मात्र हिवाळी टायरवर अनेकदा खालचे असते, ‘एच’च्या जागी ‘टी’ किंवा ‘क्यू’. ‘क्यू’ म्हणजे १६० किलोमीटर प्रतितास. घाटात त्याने काही अडत नाही. आणि चौथी, किरकोळ वाटणारी गोष्ट आवाजाची : इंजिन बंद असताना ही गाडी इतकी शांत चालते की हिवाळी टायरची घरघर त्यात स्पष्ट ऐकू येते.

एवढे लक्षात घेऊन पर्याय शेजारी शेजारी ठेवू.

बर्फावर आणि थंड ओल्या रस्त्यावर चार हिवाळी टायरांना तोड नाही. ते चारच घ्यावे लागतात. केवळ पुढे दोन लावले तर पुढची चाके रस्ता धरतात आणि मागची बाजू वळणावर बाहेर फेकली जाते, हा धोका न लावण्याहून वाईट आहे. अडचणी दोन आहेत. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत टाकली, त्यामुळे नेमके आपल्या मापाचे हिवाळी टायर हाती लागणे हा शोधाचा विषय झाला आहे. (गंमत अशी की नेदरलँड्सची व्रेडेस्टाइन ही कंपनी २००९ पासून आपल्याच अपोलोकडे आहे आणि ती युरोपात हिवाळी टायर विकते.) दुसरी अडचण वयाची. वर्षातून आठ दिवस वापरलेला टायर झिजून संपत नाही, तो म्हातारा होऊन संपतो; आणि ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात गच्चीवर किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवलेला तर त्याहून लवकर. ज्या लवचिकतेसाठी पैसे मोजले तीच आधी जाते. जुना साठा गळ्यात पडू नये म्हणून टायरच्या कडेवरील शेवटचे चार अंक पाहावेत : पहिले दोन निर्मितीचा आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष.

डोंगर-हिमकणाचे चिन्ह असलेला बारमाही टायर हा मधला मार्ग आहे. तो वर्षभर एकाच रिमवर राहतो, अदलाबदलीची कटकट नाही आणि हलक्या बर्फावर नेहमीच्या टायरपेक्षा निश्चित बरा. पण तो दोन्ही टोकांना तडजोड करतो, आणि आपल्या शहरात एक टोक फारच लांब आहे. वर्षातले साडेतीनशे दिवस उकाडा, धूळ आणि पाऊस यांत घालवून पंधरा दिवसांच्या थंडीसाठी तो लावणे मला पटत नाही. थंड प्रदेशात राहणाऱ्या, पण रोज बर्फ न तुडवणाऱ्या माणसाला तो शोभतो.

बर्फात टायरभोवती चढवायच्या साखळ्या दिसायला ओबडधोबड असल्या तरी प्रवाशाच्या गरजेला सर्वांत नेमक्या बसतात. किमतीला त्या एका टायरपेक्षाही पुष्कळ स्वस्त, डिकीच्या कोपऱ्यात मावणाऱ्या, आणि जेथे बर्फ आहे तेथेच वापरायच्या. बर्फ पडल्यावर टंगमर्ग ते गुलमर्ग रस्त्यावर साखळ्यांशिवाय गाडी सोडत नाहीत, आणि मनालीच्या वर सोलंगकडेही पोलीस अशा वेळी फोर बाय फोर किंवा साखळी लावलेल्या गाडीलाच पुढे जाऊ देतात. त्यामुळे उत्तम टायर असला तरी साखळी जवळ असलेली बरी. आपल्या गाडीत त्या पुढच्या चाकांना लावायच्या. विकत घेण्यापूर्वी गाडीच्या पुस्तिकेत त्या मापाच्या टायरवर साखळीला परवानगी आहे का आणि कड्यांची जाडी किती चालते हे वाचावे, कारण चाक आणि सस्पेन्शन यांच्यामधली फट थोडी असते. वेग तीस-चाळीसच्या वर नेऊ नये, आणि काळे डांबर दिसताच साखळ्या काढाव्यात. नाहीतर साखळी, टायर आणि रस्ता तिघांचेही नुकसान होते. उतारावर मागची चाके उघडीच आहेत हे विसरू नये.

हायब्रिडवाल्यांसाठी येथे एक ताकीद आवश्यक आहे. साखळी चढवताना गाडी निःशब्द उभी असते आणि ती बंद आहे असे वाटते, परंतु ‘रेडी’ दिवा लागलेला असेल तर ती कोणत्याही क्षणी हलू शकते. पी स्थिती, पार्किंग ब्रेक, आणि बटण दाबून गाडी पूर्ण बंद, हे तिन्ही केल्याशिवाय चाकाजवळ हात नेऊ नये. साखळी चढवण्याचा सराव घरी अंगणात एकदा करून जावे. गारठलेल्या बोटांनी, मागे गाड्यांचे भोंगे वाजत असताना पहिला धडा गिरवणे फार अवघड जाते.

हवेच्या दाबाबद्दल दोन वाक्ये. थंडीने दाब उतरतो, साधारण दर सहा अंशांना एक पीएसआय (पंपावरच्या मापकाचे एकक). मात्र उंचीवर बाहेरची हवा विरळ असल्याने मापकावरचा आकडा काहीसा परत वर येतो, म्हणून ग्वाल्हेरला अंदाजाने जास्त हवा भरून निघू नये, मनालीत सकाळी थंड टायरवर मोजून दरवाजाच्या पट्टीवरील आकड्याइतकी भरावी.

मनालीला जाणाऱ्या घराला मी हिवाळी टायर घेऊ नयेत असे स्पष्ट सांगितले. त्यांच्या सध्याच्या टायरांची नक्षी साडेतीन मिलिमीटरवर आली आहे. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर असल्याने ते नियमात बसतात, पण बर्फमिश्रित चिखलात ते पुरे पडणार नाहीत. तेव्हा त्याच मापाचे, कमी घर्षणाचे आणि ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारे नवे टायर घालावेत, जे पुढे पावसाळ्यातही उपयोगी पडतील, आणि सोबत साखळ्यांचा एक जोड. ताजा बर्फ फार पडला असेल तर गाडी मनालीत ठेवून स्थानिक फोर बाय फोर टॅक्सी करावी. स्वतःच्या गाडीने बोगदा ओलांडण्याचा हट्ट आमच्या मेव्हण्यांना सोडवेल असे दिसत नाही, पण सगळ्या पर्यायांत टॅक्सीच सर्वांत सुरक्षित आहे.

भाच्याचे गणित वेगळे. सिमल्यात नोव्हेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत सकाळ-संध्याकाळचा रस्ता थंडच असतो, आणि सावलीतल्या वळणांवर दिवसा वितळलेले पाणी रात्री गोठून डांबरावर न दिसणारा थर तयार होतो. साखळी रोज कचेरीला जाताना चढवता-उतरवता येत नाही. त्याने चार हिवाळी टायर स्वतंत्र रिमांवर बसवून घ्यावेत, म्हणजे दर मोसमात टायर रिमवरून उचकटावे लागणार नाहीत. शक्य तेवढे हलके रिम घ्यावेत आणि गाडीत दाब-सूचक सेन्सर असतील तर तेही दुसऱ्या संचात बसवावेत. होळीनंतर जुने टायर परत लावायचे, आणि उन्हाळ्यात ग्वाल्हेरला घरी यायचे ते त्याच टायरांवर. योग्य मापाचा हिवाळी संच मिळाला नाही तरच त्याने चिन्हवाला बारमाही टायर पाहावा. दुकानदाराने ‘एम+एस’ दाखवले, तर डोंगर आणि हिमकण कोठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांग, असे मी त्याला कळवले आहे.