इलेक्ट्रिक बाईक की पेट्रोल? आधी पार्किंगमधला प्लग बघा

भाच्याला हिंजवडीत नोकरी लागली, राहतो सिंहगड रोडला, आणि पहिल्या पगाराआधीच फोन, मामा इलेक्ट्रिक बाईक घेऊ का शाईन, स्प्लेंडर वगैरे घेऊन मोकळा होऊ? घरात दोन्ही आहेत म्हणून मला विचारलं. माझी १२५ सीसी पेट्रोल, नऊ वर्षं झाली, आणि धाकट्या भावाची इलेक्ट्रिक, दोन वर्षं. स्कूटर नाही हां, बाईक. आपल्याकडे इलेक्ट्रिक म्हटलं की लोक स्कूटरच धरून चालतात, रस्त्यावर दिसतात पण त्याच, बाईकवाला गडी अजून फारसा हललेला नाही आणि त्याला कारण आहे, ते खाली येईलच.

आधी पैसे. भाच्याचं जाऊन येऊन ४०-४५ किमी, म्हणजे महिन्याला हजार किमी धरा. १२५ सीसीला ट्रॅफिकमध्ये ५० चं अ‍ॅव्हरेज धरलं तर २० लिटर, १०४ च्या आसपासच्या भावाने दोन हजाराच्या वर गेलं. इलेक्ट्रिकला तेवढ्याच अंतराला साधारण ३५ युनिट, चार्जरमध्ये थोडं गरम होऊन वाया जातं ते धरून ४०. आता इथे लोक चुकतात. महावितरणचा सगळ्यात स्वस्त दर असतो पहिल्या १०० युनिटला आणि ते तर फ्रीज, पंख्यातच संपलेले असतात, बाईकचे ४० युनिट बिलाच्या वरच्या टोकाला जाऊन बसतात, त्यामुळे हिशोब वरच्या स्लॅबने करा. तरी ५०० ते ७०० च्या वर जात नाही. म्हणजे महिन्याला १४००-१५०० वाचले. ऑइल बदलणं नाही, एअर फिल्टर नाही, क्लच प्लेट नाही. टायर आणि ब्रेक पॅड मात्र दोघांनाही लागतात, शोरूमवाला हे सांगत नाही.

पण घेतानाचा फरक बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकचा आधीपासून ५ च होता, म्हणजे पेट्रोल गाडी स्वस्त झाली आणि इलेक्ट्रिक तिथेच. वर इलेक्ट्रिक गाड्यांना सबसिडी देणारी केंद्राची फेम-२ योजना मार्च २०२४ ला संपली, त्यानंतरच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत सबसिडी कमी झाली. तरी ३०-४० हजारांचा फरक असेल तर दोन-सव्वादोन वर्षांत निघतो, रोज ४० किमी चालवत असाल तर. रोज १० किमीवाल्याने हा हिशोब मनातच आणू नये, त्याचे पैसे निघेपर्यंत पोराला लायसन मिळेल.

आता खरी गंमत रेंजची, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती पळते त्याची. पेट्रोल बाईक सिग्नलला उभी राहून पण पेट्रोल पिते, हायवेला ५०-५५ ने एका लयीत चालवली की खूष होते, अ‍ॅव्हरेज वाढतं. इलेक्ट्रिकचं बरोब्बर उलटं. सिग्नलला मोटर काहीच खात नाही, ब्रेक मारला की थोडी वीज परत बॅटरीत जाते, म्हणजे चांदणी चौक, वाकडच्या गर्दीत ती राजा आहे. आणि हायवेला ८० ने पळवली की काटा डोळ्यादेखत खाली. ४० वरून ८० वर गेलात की हवेचा विरोध दुप्पट नाही, चौपट होतो, आणि बॅटरी म्हणजे काय मोठी टाकी नाही. रिव्होल्ट आरव्ही ४०० चं उदाहरण घ्या, बॅटरी ३.२४ किलोवॅट-अवर, म्हणजे सव्वातीन युनिट. कंपनीच इको मोडला १५०, नॉर्मलला १०० आणि स्पोर्टला ८० किमी सांगते. १५० वाचून गाडी घेतली आणि पाठीमागे बायको बसवून कराड निघाले तर खंबाटकीच्या आधीच घाम फुटेल. अल्ट्राव्हायोलेट एफ७७ सारख्या १० किलोवॅट-अवरच्या गाडीला हा प्रश्न नाही पण त्या पैशात माझ्या शाईनसारख्या तीन-चार येतील.

म्हणून मी रोज किती चालवता ते विचारत नाही, सलग सगळ्यात जास्त किती आणि वर्षातून किती वेळा ते विचारतो. भाऊ गावाला एसटीने जातो किंवा माझी गाडी नेतो. (टाकी भरून परत आणतो असं नाही.) घरात दुसरी गाडी असेल तर इलेक्ट्रिकचं निम्मं टेन्शन तिथेच संपलं.

गावाकडे तर वेगळाच विषय. दुधाचे कॅन, खताची गोणी, तिघं जण, आणि बंद पडली तर चौकातला मिस्त्री प्लग साफ करून पाठवतो. पेट्रोल संपलं तर किराणा दुकानात बाटली मिळते. इलेक्ट्रिकचा कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला वीज सोडणारा डबा) गेला की टेम्पोत घालून तालुक्याला, तिथे सर्व्हिस सेंटर असेल तर, नाहीतर जिल्ह्याला. भावाची गाडी एका साध्या सेन्सरसाठी १९ दिवस पडून होती, पुण्यात! बाईकवाला गडी का हलला नाही ते हेच.

बॅटरीचं म्हणाल तर आठ वर्षं वॉरंटी असं मोठ्या अक्षरात असतं, खाली किमी किती आणि किती टक्के क्षमता उरली तर बदलून देणार ते बारीक अक्षरात, तेच आधी वाचा. जुनी विकताना पेट्रोलला हमखास गिऱ्हाईक, इलेक्ट्रिकला अजून तसं नाही.

मधला मार्ग म्हणून बजाजची फ्रीडम १२५ आहे, जुलै २०२४ ला आली, २ किलो सीएनजी आणि २ लिटर पेट्रोल. खर्च कमी, पण पंपावरच्या रांगेत रिक्षांच्या मागे उभं राहायची तयारी पाहिजे.

भाच्याला मी इलेक्ट्रिकच सांगितली, फक्त एका अटीवर, पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून पॉइंट मिळाला तर. चौथ्या मजल्यावरून वायर सोडून किंवा बॅटरी काढून रोज जिन्याने वर नेऊन (आठवडाभर हौस असते) काही होत नाही. त्याने सोसायटीला अर्ज दिलाय, सेक्रेटरी म्हणतात पुढच्या मीटिंगला बघू. तोवर माझी शाईन घेऊन जातोय.